मुळं रस्त्यावर, पानं आत

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या सरूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. माझी कंबर तुम्ही समजता तितकी गेलेली नाही.) इथे मी सुखरूप आहे, भाडेकरू सुखरूप आहेत, आणि परसातला पारिजातक तुम्ही गेल्या खेपेला 'हा काही जगत नाही' असं सांगून गेलात तेव्हापासून अंगणभर फुलं टाकतो आहे. तुमचा खोकला कसा आहे? गुडघा? मागच्या पत्रात या दोघांबद्दल एक अक्षर नव्हतं, त्यावरून दोघेही जोरात असणार असं मी धरून चालले आहे. खोकल्यासाठी सोबत पुडी पाठवते. ती 'पाला' म्हणून खिडकीबाहेर टाकू नये, रात्री कोमट पाण्यातून घ्यावी.

तुमचं मुद्देवार पत्र मिळालं. (शाळा तपासायची नोकरी सुटली तरी मुद्द्यांना आकडे घालायची तुमची सवय सुटली नाही. वहिनी गेल्यापासून तर मुद्दे वाढतच चालले आहेत.) सगळ्या मुद्द्यांचा अर्थ एकच, की सरूने संक्रांतीच्या आत कोल्हापूरचं बिऱ्हाड मोडून पुण्याला यावं, मागची खोली तिच्यासाठी चुना देऊन तयार आहे, खिडकीतून विहीर दिसते, आणि नोकरी संपलेल्या एकट्या बाईने परगावी राहण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. यावर मी तुम्हाला लिहिलं होतं, की आमच्या महिला मंडळाचा वनौषधी मेळा होऊ द्या. तो फसला तर मी मुकाट्याने ट्रंक भरते आणि तुमच्या विहिरीकडे बघत बसते. त्यावर तुम्ही उलट टपाली कळवलंत की कोल्हापुरात कुस्तीला माणसं जमतात, पाल्याला जमत नाहीत, तेव्हा ट्रंक आत्तापासूनच झाडायला घे. तर दादा, त्या मेळ्याची हकिकत आता नीट बसून वाचा. चष्मा लावा. मधे चहाला उठू नका.

मेळा झाला. असा झाला की गंगावेशीपासून टांगेवाले 'मेळा, मेळा' म्हणून हाका घालत माणसं आणत होते. मी हे स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण माझी स्तुती करायला तुमच्या पुण्यात दुसरं कुणी नाही. मेळ्याची कल्पना माझी, नाव माझं, आणि फलकावरचा 'येथे स्वतःच्या हाताने करून शिकावयाची प्रात्यक्षिके होतील' हा मजकूर माझ्याच हस्ताक्षरात होता. ('प्रात्यक्षिके' हा शब्द मंडळातल्या बायकांना जड वाटत होता. मी तो बदलला नाही.) उटणं कसं कुटायचं, माक्याचं तेल कसं कढवायचं, काजळ कसं धरायचं, काढा कसा आटवायचा, हे सगळं लोकांनी बसून, हात माखून शिकायचं. शिवाय आपल्या गावच्या कारागिरांची दुकानं: बुरूडआळीची सुपं-रोवळ्या, कुंभारांची मडकी, तांबटांचे खल-बत्ते, आणि कोल्हापूर म्हटल्यावर चपला आल्याच.

जागेसाठी मी बाहुबलीअण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे इथले जैन शेतकरी, गुळाचे मोठे व्यापारी, आमच्या गल्लीतल्या धर्मशाळेचे मुख्य पंच. माणूस देवमाणूस, पण आवाज असा की ते घरात हळू बोलले तरी गल्लीच्या टोकाला कळतं. त्यांच्या पत्नी पद्मावतीअक्का आमच्या मंडळाच्या उपाध्यक्षा. अण्णांनी धर्मशाळेचं सगळं पटांगण फुकट दिलं आणि म्हणाले, "बाई, तीनच अटी हायत. आत ओलं कंदमूळ न्हाय, मध न्हाय, आन दिवस बुडायच्या आत चूल बंद. एवढं पाळा, बाकी जागा तुमचीच हाय की."

मी मान डोलावली. दादा, इथे मला तुम्हाला हसायची संधी द्यावी लागते आहे, ती घ्या आणि पुढे वाचा. उभा जन्म शाळेत मुलींना मूळ, खोड, पान शिकवलेली मी. पण माझ्या डोक्यात आलं ते असं, की हा नियम स्वयंपाकापुरता आहे, जैनांकडे कांदा-बटाटा चालत नाही हे तर शेजारामुळे मला लहान पोरासारखं पाठ आहे, आणि औषधांच्या मेळ्यात बटाटेवडे तळणार आहे कोण? म्हणून मी मोठ्या तोऱ्यात "त्याची काळजीच नको" असं सांगून आले. आणि घरी येऊन काय केलं? गगनबावड्याच्या तानाबाईला निरोप धाडला, की घाटातली तुमची औषधं घेऊन लॉरी भरून या.

(तानाबाई दरवर्षी शिमग्याच्या सुमारास डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पेठेत औषधं विकायला येते. तिच्या हातचं वेखंड उगाळून मी किती घरची बाळं बोलकी केली आहेत, याची मोजदाद नाही.)

मेळा तीन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी सकाळी दाराला तोरण, रांगोळी, अण्णा जरीचा पटका बांधून उभे, अक्कांच्या हातात कुंकवाचा करंडा, आणि मी नवं इरकली लुगडं नेसून अध्यक्षीण. लॉरी आली. मागची फळी पडली. तानाबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका एकेक पोतं खाली घेऊन तोंडं सोडू लागल्या: शतावरी, मुसळी, वेखंड, आंबेहळद, ओली हळद, आलं, सगळ्याला अजून घाटातली लाल माती लागलेली. पाल्याच्या जुड्या होत्या, गुळवेल होती, हिरडे-बेहडे होते. पण लॉरीचा मोठा भाग जमिनीखालून उपसून आणलेला होता, आणि वर ठेवलेल्या घागरीत होता रानातला मध.

दादा, अण्णा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते त्या पोत्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पटका सारखा करून दारात आडवे उभे राहिले. तेवढ्यात मला तुमची मागची खोली दिसली. विहीरही दिसली. ट्रंकेत तळाला कोणतं लुगडं घालायचं इथवर माझं मन जाऊन पोचलं. आणि मला रडू आलं, ते मेळ्यासाठी नाही. इतकी वर्षं ज्या गल्लीत मी मान वर करून चालले, तिथून चूक करून, मान खाली घालून निघावं लागणार, या विचाराने आलं.

तेवढ्यात तानाबाईने विचारलं, "बाई, आत का न्हाय?" मी अट सांगितली. ती पोत्यावर बसली आणि म्हणाली, "आमी पावसाच्या मुलखातली मानसं. वरचं सगळं पाऊस धुऊन नेतोय. मातीखाली हाय तेवढंच आमचं. आता हे परत न्हेऊ व्हय?" घाटातल्या बायका महिनाभर खणत होत्या, माझ्या शब्दावर. हे ऐकल्यावर मात्र माझं रडू थांबलं. स्वतःची फजिती सोसता येते, पण दुसऱ्याला बोलावून आणून दारातून परत लावणं माझ्याने होणार नव्हतं. मी पदर खोचला आणि जाहीर केलं, की मेळा दोन भागांत भरेल. पानं, फुलं, फळं, साली आत. मुळं रस्त्यावर.

(अध्यक्षांना असे निर्णय घ्यावे लागतात. मंडळाची सभा बोलवायला वेळ नव्हता.)

रस्त्यावर आणखी कोण होतं, तर बाळासो चप्पलवाला. चामडंही आत चालणार नव्हतं, हे मात्र मला आधी सुचलं होतं, आणि त्याला दाराबाहेर उजव्या हाताची जागा दिली होती. बिचारा एका कोपऱ्यात पडला म्हणून मी हळहळत होते. पण आत जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याच पुढ्यात चपला काढणार! तो त्या चपला उचलून, उलट्या करून बघायचा आणि मालक बाहेर आला की मोठ्याने विचारायचा, "पावणं, ही कुनी शिवली? आन तुमी घातली?" चारचौघांत हे ऐकल्यावर नवा जोड घेतल्याशिवाय कुणाची जायची छाती होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा सगळा माल संपला आणि तो घरी जाऊन आणखी घेऊन आला. तुमच्या मापाचा एक जोड मी बाजूला ठेवला आहे. पैसे विचारू नका.

आता मुळांचं. रस्त्यावर मांडली खरी, पण रस्ता अरुंद, ऊन वर येतं आहे, ओली मुळं पोत्यात घामेजताहेत, आणि लोक तोरण लावलेल्या दाराकडेच वळताहेत. तासाभरातच मेळा फसल्यात जमा होता. अण्णा दारातून हलेनात, मी रस्त्यातून हलेना. शेवटी पद्मावतीअक्का बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, सुंठ आपल्या घरात हाय का न्हाय? वाळल्याली हळद भाजीत घालतोय का न्हाय?" अण्णा म्हणाले, "हाय की." अक्का म्हणाल्या, "मग वाळवा म्हनावं की! वाळलं की आत." अण्णांनी बराच विचार केला. धर्माचा माणूस, उगाच हो म्हणणारा नव्हे. मग म्हणाले, "वाळलं तर आत. पर चिरायचं भाईर, आन माझ्या डोळ्याम्होरं न्हाय." आणि दारातच खुर्ची टाकून रस्त्याकडे पाठ करून बसले.

दादा, त्यानंतर शुक्रवार पेठेत जे घडलं ते तुमच्या पुण्यात शंभर वर्षांत घडायचं नाही. मी हाक दिली आणि घराघरांतून बायका विळ्या घेऊन बाहेर पडल्या. ओळीने रस्त्यात बसल्या. तानाबाई मधे उभी राहून दाखवू लागली, की शतावरीची साल कशी ओढायची, आंबेहळदीच्या चकत्या किती पातळ, वेखंड आडवं न चिरता तिरकं का चिरायचं. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची बायको, तालमीच्या वस्तादाची आई, आमच्या शाळेच्या विद्यमान मुख्याध्यापिका (ज्यांनी मेळ्याला यायला वेळ नाही असं कळवलं होतं), सगळ्या एका ओळीत, हात पिवळे करून. याला म्हणतात प्रात्यक्षिक! मी ठरवलेल्या उटण्याच्या वर्गाला आत सात-आठ जणी होत्या. बाहेरची ओळ वळणापर्यंत गेली होती.

चिरलेलं वाळवायचं कशावर? सुपांवर, परड्यांवर, रोवळ्यांवर. बुरूडणींचा एवढा माल, एरवी लोक हात लावून भाव करून निघून जातात, तो दुपारच्या आत उठला. सुपं संपल्यावर लोकांनी धोतरं आणली, बाजा आणल्या, शाळेतले दोन फळे आणले. गच्च्या भरल्या, कौलं भरली. गल्लीतल्या शेळ्यांना वाटलं मेळा आपल्यासाठीच आहे, तेव्हा तालमीतली पोरं राखणीला बसवली. (त्यांनी शेळ्यांना फिरकू दिलं नाही, पण मुसळीच्या दोन परड्या सायंकाळी रिकाम्या निघाल्या. अंगाला चांगली असते म्हणतात. मी वस्तादांजवळ बोलले नाही.)

एक अडचण आलीच. रस्ताभर ओल्या हळदीचे तुकडे, त्यावरून माणसं चालतात आणि तशीच अनवाणी आत जातात. धर्मशाळेच्या फरशीवर पिवळी पावलं उमटली. अण्णांनी ती पाहिली. ही पावलं म्हणजे ओली हळद आत आली असं धरायचं की नाही, यावर अण्णा आणि अक्का यांच्यात कानडी-मराठीत चांगली घटकाभर चर्चा झाली. मी निकालाची वाट पाहिली नाही. दारात दोन घंगाळी ठेवली, तांब्या ठेवला, आणि पाय धुतल्याशिवाय आत नाही, असा दंडक केला. लोकांना तो इतका आवडला की काही जण दोन-दोनदा पाय धुऊन आत गेले. बाहेर येताना पुन्हा पिवळे. त्या दिवसांत आमच्या पेठेत नव्या नवरीच्या घरासारखे उंबरे झाले होते.

तुम्ही विचाराल, काढ्याचं काय झालं, कारण काढ्याचं प्रात्यक्षिक मी स्वतः करणार होते. खरं लिहिते. मधाची घागर बाहेर राहिली, म्हणून मी अण्णांच्याच वखारीतला गूळ घातला. पाणी आटवत ठेवलं, काढ्याचे गुण सांगायला लागले, सांगता सांगता मला वेळेचं भान राहिलं नाही (तुम्हाला माझी ही सवय ठाऊक आहे), आणि पाणी निम्मंही आटलं नव्हतं तोच दिवस बुडायला आला म्हणून अण्णांनी स्वतः येऊन चूल विझवली. ते पातळ पाणी मी तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण आटवलेला, शास्त्रोक्त काढा केला, तर लोक एक घोट घेऊन तोंड वाकडं करून म्हणाले, "बाई, कालचाच द्या की." मी दिला. मान खाली घालून नव्हे, हसत दिला.

आणि मग तिसरा दिवस. ऊन कडक होतं, चकत्या पातळ होत्या. अण्णा खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसले. एकेक सूप त्यांच्यापुढे यायचं. ते त्यातला तुकडा घ्यायचे, दोन बोटांत मोडायचे. कट्कन मोडला की "आत!" वाकला की "भाईर, अजून ऊन दावा!" हा आवाज मात्र पूर्वीचा होता, पंचगंगेपलीकडे जाणारा. लोक मेळा सोडून हे बघायला उभे राहिले. प्रत्येक 'आत'ला टाळ्या पडायला लागल्या. तालमीच्या पोरांनी हलगी आणली. तानाबाईचं वेखंडाचं पहिलं सूप उंबरा ओलांडून आत गेलं, तेव्हा तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी हलगीच्या पुढे पुढे आत गेलो. दादा, मला त्या वेळी असा अभिमान वाटला, की तो कुठे ठेवावा ते कळेना. नोकरीचा शेवटचा दिवस झाला, निरोपाचा हार घातला, तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

तानाबाई रिकामी लॉरी घेऊन गगनबावड्याला गेली. समारोपाला अण्णा बोलले, एकच वाक्य बोलले: "ह्या बाईनं माझी आट बी मोडली न्हाय, आन मेळा बी मोडला न्हाय." मग धर्मशाळेची कोपऱ्यावरची खोली त्यांनी मंडळाला कायमची दिली. तिथे आता दर शनिवारी वर्ग चालतो, घाटातली औषधं वाळवून ठेवायची तीही तिथेच. पुढच्या मेळ्यासाठी पेठ वडगावच्या बायकांचं बोलावणं आलं आहे. खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे, आणि हे लिहिताना मी तिला उगाचच दोनदा हात लावून पाहिला.

बाकी तुमच्या इतर मुद्द्यांची उत्तरं पुढे कधीतरी. डाव्या कुशीवर झोपू नका. कानटोपी वहिनींच्या पेटीत, वरच्याच घडीत आहे.

तुमच्या विहिरीला नमस्कार सांगणारी,
तुमची सरू

ता. क. मागची खोली विद्यार्थ्याला भाड्याने द्यायला हरकत नाही. मी येत नाही. वर एवढं सगळं लिहूनही हे वाक्य लिहायचं राहिलं होतं, म्हणून इथे लिहिते.

ता. क. २. पद्मावतीअक्कांचा श्रेणिक तिकडे कॉलेजात आहे. त्याच्या हाती मी गेल्या महिन्यात तुम्हाला भडंग पाठवलं होतं. तो सुट्टीला आला होता, त्याने सांगितलं, की दादा दुपारी भेटले ते दिवेलागण झाली तरी मला सोडीनात. सगळ्या खोल्या दाखवल्या, वहिनींचा फोटो दाखवला, खिडकीत उभं करून रस्त्याने कोण कुठे जातं ते सांगितलं. दादा, जैनाचं पोर आहे ते, दिवस बुडाल्यावर जेवत नाही. तुमचं मन मोडायचं नाही म्हणून त्या दिवशी उपाशी झोपलं. त्याने ही तक्रार म्हणून सांगितली नाही. जाताना मला विचारलं, "आत्या, दादांना हितंच का न्हाय आनत?"

ता. क. ३. मी ते ऐकून दोन रात्री जागी होते. माडीवरची खोली रिकामी केली आहे. विहीर नाही, पण खिडकीतून सगळी गल्ली दिसते, आणि आमच्या गल्लीत काय चाललं आहे यावर मुद्दे काढायला एक माणूस कमी पडेल, इतकं इथे रोज घडतं. ही मी तुमच्यावर दया करते आहे असं समजू नका. मला घरात भांडायला कुणी नाही. नाही म्हणून पत्र पाठवण्यात टपाल खर्च करू नका, कारण संक्रांतीच्या आत मी पुण्याला येते आहे, तुम्ही सांगितलं तशी. दोनच दिवस राहीन. तुमची ट्रंक भरायला तेवढे पुरेत.